टीबीचा रिपोर्ट आल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत काय काय करायचं

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्सचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही आणि आरोग्य खात्याशी माझा लांबचापण संबंध नव्हता. आत्याचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. दीड महिना खोकत होता, वजन उतरलं, संध्याकाळी अंग तापायचं, शेवटी छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी सगळं झालं आणि रिपोर्ट आला, टीबी. पहिली गोळी त्याच्या पोटात गेली १९ दिवसांनी.

या १९ दिवसांत कुणी मुद्दाम काही वाईट केलं असं नाही. लॅबनं पाकीट दिलं, डॉक्टर म्हणाले "सरकारीत गोळ्या फुकट मिळतात, तिकडं जावा", दादानं पाकीट टीव्हीच्या मागं सरकवलं आणि सेकंड शिफ्टला गेला. वहिनीला सांगितलं "छातीत जरा इन्फेक्शन हाय". आता 'तिकडं' म्हणजे नक्की कुठं, कुणाला भेटायचं, किती वाजता, सोबत काय न्यायचं हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. मग शिफ्ट, मग कुणाचं तरी बारसं, मग सरकारी सुट्टी. आणि सगळे दिवस त्याची चार वर्षांची पोरगी त्याच्याच कुशीत झोपत होती, हे मला आजपण आठवलं की पोटात गोळा येतो.

तेव्हापासून ओळखीच्या सात-आठ जणांबरोबर मी गेलोय, कुणाचा ट्रीटमेंट सपोर्टर (पेशंट गोळ्या नीट घेतोय का बघणारा सोबती) म्हणून, कुणाला नुसतं गाडीवर बसवून. एक गोष्ट पक्की कळली. औषध आहे, फुकट आहे, चांगलं आहे, तरी माणूस गळतो, आणि बऱ्याचदा गळतो तो रिपोर्ट हातात आल्यावर आणि पहिली गोळी घ्यायच्या आधी. तिथं कुणीतरी सोबत पाहिजे. ते कुणीतरी तुम्ही असाल, घरातले, शेजारचे, नवीन लागलेल्या आशाताई, मंडळातलं पोरगं, कारखान्यातले सुपरवायझर, तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी रिपोर्ट वाचा, आणि ग्रुपवर टाकू नका

रिपोर्टचा फोटो काढून ठेवा पण तो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. हसू नका, मी बघितलंय, भाच्यानं "प्लीज गाईड" लिहून ४० लोकांच्या ग्रुपवर टाकला आणि तो माणूस आठ दिवस घराबाहेर पडला नाही.

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवरची तपासणी झाली असेल तर दोन गोष्टी बघायच्या. एक, 'एमटीबी डिटेक्टेड', म्हणजे टीबीचे जंतू सापडले. दुसरी, 'रिफ रेझिस्टन्स', म्हणजे रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईनासे झालेत का. तिथं 'नॉट डिटेक्टेड' असेल तर चांगली बातमी, नेहमीच्या गोळ्या चालणार. लोक इथं गोंधळतात, वरती 'डिटेक्टेड' खाली 'नॉट डिटेक्टेड', मग म्हणतात रिपोर्टच चुकलाय, परत करूया, आणि त्यात आठवडा जातो. रिपोर्ट चुकलेला नसतो, ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

रिफ रेझिस्टन्स 'डिटेक्टेड' आलं तर मात्र नेहमीच्या गोळ्या आपल्या मनानं चालू करायच्या नाहीत, त्याचे पुढचे टेस्ट आणि औषधं वेगळी, तिथं मोठ्या सेंटरला पाठवतात. घाबरून जायचं कारण नाही. आधी काही पेशंटना वीस-वीस महिने औषध खावं लागायचं, २०२४ मध्ये सरकारनं ६ महिन्यांच्या बीपाल्म कोर्सला मंजुरी दिलीय, तो कुणाला चालतो ते डॉक्टर ठरवतात. पण अशा केसला उशीर अजिबात करू नका, कारण घरातल्यांना लागला तर तोच चिवट टीबी लागणार.

नुसत्या एक्स-रेवरून "टीबी वाटतोय" सांगितलं असेल तर थुंकीची मशीनवरची तपासणी करून घ्या, सरकारीत फुकट होते. ट्रूनॅटचं मशीन गोव्याच्या कंपनीनं बनवलंय आणि बॅटरीवर चालतं, त्यामुळं लहान सेंटरलापण ठेवता येतं. थुंकी म्हणजे लाळ नव्हे, खोल खोकून छातीतनं आलेला बेडका पाहिजे, हे पेशंटला आधी सांगा. नाहीतर डबीत लाळ देऊन येतात आणि परत खेप.

'तिकडं' म्हणजे कुठं

गावात असाल तर आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र नाहीतर ग्रामीण रुग्णालय. शहरात महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र किंवा सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं मोठं सरकारी हॉस्पिटल. इचलकरंजीवाल्यांना आयजीएम हे तिथलं सरकारी हॉस्पिटल, गडहिंग्लज भागात उपजिल्हा रुग्णालय. साध्या टीबीसाठी चंदगडच्या माणसानं शंभर किलोमीटरवर सीपीआरला यायची काहीच गरज नाही, गोळ्या त्याच, त्याच्या गावाजवळ मिळतात. लांब पाठवलं की एसटीचं भाडं, एक दिवसाचा रोज बुडाला, आणि दुसऱ्या वेळी माणूस येत नाही.

तालुक्याच्या पातळीवर टीबी युनिट असतं आणि तिथं एसटीएस असतात, सिनिअर ट्रीटमेंट सुपरवायझर. हा माणूस नाहीतर बाई तुमची खरी किल्ली, त्यांचा नंबर घ्या. तो कुणाकडनं मिळेल? गल्लीतल्या आशाताईंकडनं. आणि कुणीच सापडलं नाही तर १८००-११-६६६६ हा टीबीचा टोल फ्री नंबर आहे, निक्षय संपर्क म्हणतात, तिथं विचारा जवळचं सेंटर कुठलं.

ओपीडी सकाळची असते. सेकंड शिफ्टवाल्याला बरं, फर्स्ट शिफ्टवाल्याला अर्धा दिवस सुट्टी काढावी लागते, ती आदल्या दिवशीच बोलून ठेवा. आणि पेशंटला "जाऊन ये" म्हणू नका, "चल, खाली गाडी लावलीय" म्हणा. एवढ्यानं फरक पडतो. दादाला मी चार वेळा फोनवर सांगितलं होतं जाऊन ये म्हणून. विसाव्या दिवशी सकाळी नऊला त्याच्या दारात जाऊन हॉर्न मारला तेव्हा गेला.

काय न्यायचं, आणि काय नसलं तरी चालतं

रिपोर्ट, एक्स-रे, आधार कार्ड, बँक पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, चालू असलेल्या दुसऱ्या गोळ्यांची पाकिटं (बीपी, शुगर, फिट, काहीही), आणि मोबाईल. झेरॉक्स दोन-दोन काढा, हे मी धंद्यासाठी सांगत नाही.

पण नीट ऐका, गोळ्या चालू व्हायला पासबुक लागत नाही. पासबुक लागतं ते निक्षय पोषण योजनेच्या पैशासाठी. एप्रिल २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपयांनी ही योजना सुरू झाली, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, म्हणजे ६ महिन्यांच्या कोर्सला ६०००, थेट खात्यात. चांगली योजना आहे, जरूर घ्या. पण एका ठिकाणी आम्हाला खिडकीवरनं सांगितलं "खातं आधारला लिंक करून सोमवारी या", तो दिवस बुधवार होता. मी आत जाऊन मेडिकल ऑफिसरना शांतपणे विचारलं, "मॅडम, कागद सोमवारी देतो, गोळी आज मिळंल का?" मिळाली. भांडायला लागलं नाही, योग्य माणसाला विचारायला लागलं एवढंच. पेशंट एकटा असता तर तो सोमवारी आला असता का, मला शंका आहे.

फोन नंबर दोन द्या, एक पेशंटचा आणि एक खात्रीच्या माणसाचा. पत्ता "मारुतीच्या देवळामागं" असा नको, कोल्हापुरात मारुतीची देवळं काय दोन-चार आहेत व्हय. बरेच पेशंट मुद्दाम चुकीचा नंबर देतात. का? तर आरोग्यवाले गल्लीत येऊन नाव घेऊन विचारतील आणि चावडी होईल ही भीती. भीती खरी आहे, त्यामुळं उपदेश करू नका, तोडगा काढा. आम्ही एका हुपरीच्या चांदी कारागिरासाठी एसटीएसना सरळ सांगितलं की घरी यायच्या आधी फोन करा, दारात टीबी शब्द उच्चारू नका. ते म्हणाले चालतंय की. त्या माणसानं लगेच खरा नंबर दिला.

खिडकीपासून पहिल्या गोळीपर्यंत

तिथं वजन करतात, माहिती भरून निक्षय या सरकारच्या टीबीच्या पोर्टलवर नाव चढवतात आणि एक आयडी नंबर मिळतो. तो नंबर लिहून घ्या, मोबाईलमध्ये पण टाका. माणूस पुण्याला गेला, मुंबईला गेला, तरी तो नंबर सांगितल्यावर त्याची माहिती निघते आणि पुढची औषधं तिथल्या सेंटरला लावून घेता येतात.

मग शुगर आणि एचआयव्हीची तपासणी. हे आधी सांगून ठेवा, प्लीज. ही तपासणी टीबीच्या सगळ्याच पेशंटची करतात, कारण यातलं काहीही असेल तर त्याचंपण औषध सोबत चालू करावं लागतं. दादाला मी सांगायला विसरलो, त्यानं एचआयव्ही शब्द ऐकला आणि ताडकन उठला, "मी काय तसला माणूस वाटलो व्हय तुम्हाला?" चप्पल घालून पायरीपर्यंत गेला होता. तिथल्या सिस्टर अनुभवी, त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "अहो काका, काल आमच्या इथं कीर्तनकार आलेते, त्यांचीपण केली." बसला परत.

गोळ्यांचं गणित असं. नेहमीच्या टीबीला पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. २०१७ पासून ही औषधं एकाच गोळीत एकत्र करून रोज देतात, आधीसारखं दिवसाआड नाही. रोज किती गोळ्या ते वजनावर ठरतं, त्यामुळं शेजारच्याला तीन आणि मला चार का असलं काही मनात आणायचं नाही. सगळ्या एकदम घ्यायच्या, सकाळी दोन दुपारी दोन असं वाटून नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिला डोस तिथंच घ्यायचा, सिस्टरना विचारून, पाणी मागून, त्यांच्यासमोर. पिशवीत घालून घरी नेला की "उद्या सकाळपासून", मग "गुरुवारपासून, चांगला वार हाय". दादानं सीपीआरच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसून "उद्यापासनं घेतो की" म्हटलंच होतं, मी बाटली पुढं केली. चार गोळ्या एकेक करून गिळल्या, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला "एवढ्यासाठी घाबरत होतो होय मी".

सोबत ट्रीटमेंट सपोर्टरचं नाव लिहितात. आशाताई असू शकतात, शेजारी, मित्र कुणीही. कोर्स पूर्ण झाल्यावर साध्या टीबीला १००० रुपये मानधनपण असतं. मला मिळालं त्यात दादाच्या पोरीला दप्तर आणलं.

लोक काय काय म्हणतात

खरा खेळ इथं आहे, गोळ्यांचा भाग सोपा.

"जरा दुसऱ्या डॉक्टरला दाखवूया." दाखवा की, पण उद्याच्या उद्या. मशीनच्या तपासणीत जंतू सापडलेत तर तिसरा, चौथा डॉक्टर करण्यात काही हशील नाही.

"सरकारी गोळ्या हलक्या असतात." औषधं तीच आहेत. आणि आपला खाजगी डॉक्टरच पाहिजे असेल तर त्यांच्याकडं राहूनपण सरकारी गोळ्या फुकट मिळायची सोय आहे, डॉक्टरांना विचारा. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनीपण टीबीच्या पेशंटची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळं नाव लपवायला खाजगीत जायचं हा विचार तसाही फुकट.

"पोरीचं लग्न ठरायचंय." हे ऐकलं की मी खुर्ची ओढून बसतो, कारण याला वेळ लागतो. मुलीलाच टीबी असेल तर आई-बाप लपवतात, आणि लपवायचं म्हणजे गोळ्यापण नको असं होतं. एका मावशींना मी एवढंच विचारलं की ६ महिन्यांत पोरगी बरी होऊन लग्नाला उभी राहणं बरं, का हळदीत खोकत? गाठीचा टीबी होता तिचा, मानेला. असा नुसत्या गाठीचा टीबी सहसा दुसऱ्याला लागतपण नाही. गोळ्या माझ्या दुकानात ठेवल्या, क्लासला जाता-येता घ्यायची.

"हंगाम संपूदे." ऊसतोडीची टोळी बीडकडनं दिवाळीच्या पुढं-मागं येते, मार्च-एप्रिलपर्यंत फडातच. मुकादमाची उचल फेडायची असते, त्यामुळं माणूस खोकत खोकत कोयता चालवतो. इथं पेशंटच्या आधी मुकादमाशी बोला, "गडी पडला तर तुमचीच उचल बुडती, आणि कोपीत शेजारी झोपणारे अजून चार पडतील." ही भाषा त्याला कळते. औषध इथं हातकणंगल्यात नाहीतर शिरोळात चालू करायचं, गावी जायच्या आधी आठवडाभर एसटीएसना सांगायचं, ते तिकडच्या तालुक्याला ट्रान्सफर करतात. "गावी गेल्यावर चालू करतो" हे मान्य करायचं नाही. जोतिबाची यात्रा झाल्यावर, म्हाई झाल्यावर, हेपण त्यातलंच.

"मिरजेला नेऊन ठेवतील." हे म्हाताऱ्या माणसांचं. आमच्या आत्याच्या डोक्यात टीबी म्हणजे मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनेटोरियम, तिथं गेलेला माणूस वर्ष-वर्ष घरी येत नाही. त्यांच्या वेळी ते खरंच होतं. पण १९५६ पासून मद्रासला अभ्यास झाला, अर्धे पेशंट सॅनेटोरियममध्ये आणि अर्धे आपापल्या गरिबाच्या घरात ठेवून औषध दिलं, आणि घरातलेपण तेवढेच बरे झाले, घरच्यांना जास्त लागण झाली असंपण नाही. तेव्हापासून जगभर घरी राहून औषध चालू झालं. आत्याला मी हे सांगितलं तर म्हणाली "मद्रासची माणसं काटक असत्यात". असू देत, पण गोळी घेऊ दिली.

"आधी काढा घेऊन बघतो." भांडू नका. गोळी चालू कर, काढ्याचं डॉक्टरना विचारू, असं म्हणा. दारूवाल्यालापण तेच, "सोड मग औषध देऊ" अशी अट घालू नका, तो येणारच नाही. पिणं आणि या गोळ्या दोन्हीचा भार लिव्हरवर पडतो, त्यामुळं किती पितो ते डॉक्टरना खरं सांगायला लावा.

पहिले पंधरा दिवस

रिफाम्पिसिनमुळं लघवी लाल-केशरी होते. हे पहिल्याच दिवशी सांगा, सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी रक्त पडतंय म्हणून गोळ्या बंद. वहिनीनं मला सकाळी सहाला फोन केला होता रडत.

मळमळ होते, तोंडाची चव जाते, ते बऱ्याच जणांना होतं, फार त्रास झाला तर गोळीची वेळ किंवा खाण्याचं कसं करायचं ते सिस्टरना विचारा, पण आपल्या मनानं बंद नको. मात्र डोळे पिवळे पडले, उलट्या थांबेनात, दिसायला अंधुक झालं किंवा रंग ओळखू येईनात, अंगभर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी डॉक्टर, वाट बघायची नाही. पायाला मुंग्या येत असतील तर सांगा, त्याची वेगळी गोळी देतात. बायकांनी हे लक्षात ठेवा, रिफाम्पिसिननं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, दुसरी सोय विचारून घ्या. दिवस गेलेले असले तरी टीबीचं औषध टाळायचं नाही, फक्त आधी सांगायचं.

ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. टीबी हवेतनं पसरतो, खोकल्यातनं, ताटातनं नाही. खिडकी उघडी, तोंडाला मास्क नाहीतर रुमाल, बेडका झाकणाच्या डब्यात, सुरुवातीला झोपायला वेगळी खोली किंवा निदान वेगळा कोपरा. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागायची भीती खूप कमी होते. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, पाच वर्षांखालचं पोर असेल तर आधी त्याची. दादाच्या पोरीला टीबी नव्हता, तिला प्रतिबंधक औषध दिलं ६ महिने. तिला वाटायचं पप्पांच्या गोळ्यांची ती लहान बहीण आहे.

खाण्याचं फार अवघड करू नका. अंडी, शेंगदाणे, डाळ, भाकरी, परवडंल तसं मटण-चिकन. पांढरा रस्सा चालतो का हे मला प्रत्येक पेशंट विचारतो, चालतो.

आणि एक युक्ती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन करून "गोळी घेतली का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "पाकिटात किती उरल्या?" असं विचारा. वहिनी कालनिर्णयवर रोज टिक मारायची, तरी मी तिला मोजायलाच लावायचो. पाचव्या दिवशी म्हणाली, "चार जास्त हायत ओ भावजी." म्हणजे एक दिवस चुकला होता, रविवारचा, दादा कागलला पाहुण्यांकडं गेलता. एसटीएसना फोन लावला, ते म्हणाले आजची आज घ्या, डबल घेऊ नका, आणि पुढच्या वेळी बाहेर जाताना चार गोळ्या खिशात.